तारण

तीस वर्षें शाळेंत मराठी शिकविल्यावर एक गोष्ट आम्हांस पूर्वींच कळावयास हवी होती. ती ही कीं, मूल प्रश्न विचारतें तें उत्तर मिळावें म्हणून, आणि आपण मोठीं माणसें बहुधा उत्तर देतों तें प्रश्न संपावा म्हणून. शाळेंतले प्रश्न धड्याखालीं छापलेले असत व त्यांचीं उत्तरें आम्हांस पाठ असत. त्यामुळें आमची ही उणीव तेथें झांकून गेली. ज्या प्रश्नाची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे तो आम्ही निवृत्त झाल्यानंतर, आमच्याच आंगणांतल्या कडुनिंबाखालीं, आमच्या नऊ वर्षांच्या नातीनें विचारला. त्यास आम्हीं दिलेल्या उत्तराची लाज अद्यापि वाटते, आणि म्हणूनच हा लेख लिहावयास बसलों आहों.

आम्ही राहतों तो भाग छत्रपति संभाजीनगरच्या छावणीलगतचा आहे. शहराचें हें नांव २०२३ सालीं अधिकृत झालें. आमच्या तोंडांत अजून औरंगाबाद येतें, नातीच्या तोंडांत नवें नांव येतें. आमच्या उजव्या हातास एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहतें. त्यांचें मूळ गांव गंगापूर तालुक्यांत. समोरच्या घरीं मुसलमान कुटुंब आहे. तीं मंडळी घरांत दखनी बोलतात, दारांत मराठी. त्या घरचा मुलगा, शेजारची मुलगी आणि आमची नात हें त्रिकूट शाळेबाहेरचा सारा वेळ एकत्र असतें. ताटातूट होते ती दोनच वेळां. रविवारीं सकाळीं मुलगी शब्बाथशाळेस जाते, जिला आतां सगळींच मुलें संडेस्कूल म्हणतात. आणि रोज संध्याकाळीं मुलगा मशिदींतल्या मकतबांत सबक घेण्यास जातो. आमची नात कोठेंच जात नाहीं. तिच्या मनावर कोणताहि धर्म लादावयाचा नाहीं, हें आमच्या घरचें धोरण. आणि त्या धोरणाचा आम्हांस मनांतून थोडा अभिमानहि होता.

गेल्या पावसाळ्यांत गल्लीच्या टोकाचा एक दहा वर्षांचा मुलगा पांच दिवसांच्या तापानें गेला. तो हिंदु घरचा, या तिघांचा चौथा गडी. त्याच्या घरीं सुतक चालू असतांनाच एके दुपारीं तीं तिघें कडुनिंबाखालीं बसून हलक्या आवाजांत बोलत होतीं, आणि आम्ही ओट्यावर वर्तमानपत्र पुढें धरून बसलों होतों.

शेजारची मुलगी म्हणाली, "आमच्या बाई सांगतात, येशूवर विश्वास ठेवला की तारण होतं. पण त्याला तर कुणी येशूचं सांगितलंच नव्हतं."

मुलगा म्हणाला, "लहान मुलांना गुनाह नसतो. ती सरळ जन्नतमध्ये जातात. मौलवीसाहेबांनी सांगितलंय."

मुलीच्या चेहऱ्यावर समाधान दिसलें. नात मात्र थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे तो मोठा झाला असता तर गेला नसता?" त्याच दमांत तिनें मैत्रिणीस विचारलें, "आणि तारण म्हणजे काय गं? आमच्या आजीच्या पाटल्या बँकेत तारण ठेवल्या होत्या, तसं का?"

तिघांनींहि आमच्याकडे पाहिलें. आम्हीं चष्मा पुसला, आणि सुशिक्षित माणसाच्या तोंडीं अशा वेळीं जें वाक्य येतें तेंच उच्चारलें: "बाळांनो, सगळे रस्ते शेवटी एकाच ठिकाणी जातात."

नात म्हणाली, "मग आजोबा, तुम्ही कुठल्या रस्त्यानं जाता?"

आम्हांपाशीं याचें उत्तर नव्हतें. चहाची वेळ झाली असें सांगून आम्ही आंत गेलों.

तें वाक्य खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मोठमोठ्या साधकांनीं दीर्घ साधनेच्या अंतीं तें अनुभवानें म्हटलें आहे. पण ते ज्या मुक्कामीं पोंचून बोलले त्या मुक्कामाकडे आम्ही चार पावलेंहि गेलों नव्हतों. आम्हीं तें ओट्यावर बसून म्हटलें. शिवाय ज्या दोन मुलांपुढें म्हटलें, त्यांस त्यांच्या शिक्षकांनीं तसें शिकविलेलें नव्हतें. मुक्तीविषयीं ख्रिस्ती धर्म जें सांगतो आणि इस्लाम जें सांगतो तें एक नाहीं, आणि हें त्या मुलांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होतें. आमचें उत्तर दिसावयास उदार, पण त्यांत त्या दोघांच्या शिक्षणाचा अनादर होता आणि आमच्या स्वतःच्या अज्ञानावर पांघरूण होतें. तेव्हां पुढच्या पंधरवड्यांत आम्हीं एक गोष्ट केली, जी शिक्षक म्हणून कितीतरी आधीं करावयास हवी होती. शब्बाथशाळेच्या बाईंस आणि मकतबाच्या मौलवीसाहेबांस भेटून, आपण मुलांस हें नेमकें कसें शिकवितां, असें विचारलें.

बाई निवृत्त परिचारिका आहेत. पाटल्यांची गोष्ट ऐकून त्या हंसतील असें वाटलें होतें. त्या हंसल्या नाहींत. "गुरुजी, पोरीला अर्थ बराच जवळचा सापडला," असें म्हणून त्यांनीं जें सांगितलें त्याचा सारांश असा. तारण हा मराठी ख्रिस्ती लोकांचा रोजचा शब्द. तारणें म्हणजे पैलतीरास नेणें. तारूं आणि तारक हे शब्द त्याचेच सोयरे. सावकारीच्या भाषेंत मात्र तारण म्हणजे कर्जापोटीं ठेवलेली मोलाची वस्तु. ख्रिस्ती शिकवणींत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. मनुष्य पापाच्या कर्जांत आहे. तें स्वतःच्या मिळकतींतून फेडणें त्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. म्हणून ज्याच्यावर कर्ज नव्हतें अशा एकानें आपला जीव त्याच्यासाठीं दिला. मराठी बायबलांत या ठिकाणीं 'खंडणी' असा शब्द आहे. तो जुन्या अर्थानें, म्हणजे सुटकेसाठीं भरावयाच्या द्रव्याच्या अर्थानें घेतलेला. पण आजचीं मुलें तो वर्तमानपत्रांत गुंडांच्या बातम्यांतून वाचतात, आणि बाईंस तो दर वर्षीं नव्यानें समजावून द्यावा लागतो.

"मी त्यांना एवढंच सांगते," बाई म्हणाल्या, "तुझं कर्ज कुणीतरी फेडलंय. आता घाबरायचं नाही, उपकार मानायचे. आणि ज्याला उपकाराची आठवण आहे तो दुसऱ्याच्या मानेवर बसत नाही." त्या गेलेल्या मुलाविषयीं त्यांस शेजारच्या मुलीनें आधींच विचारलें होतें. त्यांनीं तिला सांगितलें होतें कीं, ज्यानें लेंकरांस जवळ घेतलें त्याच्या हातीं तें लेंकरूं आहे. माझ्या हातीं नाहीं, आणि तें बरेंच आहे.

परक्या भूमींत उगवलेली कल्पना मराठी मुलाच्या कानास कळेल अशा शब्दांत सांगणें हें काम आजचें नाहीं. इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत साष्टींतल्या राचोल येथें छापलें गेलें. त्यांत सुमारें अकरा हजार ओंव्या आहेत. त्या ग्रंथाचें निमित्त त्याच्या आरंभींच सांगितलें आहे, आणि तें आमच्या विषयाशीं फार जवळचें आहे. रविवारीं मुलांस धर्माचे पाठ चालले असतां एक ब्राह्मण येतो, आणि आमच्यासारख्या मोठ्यांसाठीं एखादें पुराण असावें असें मागतो. म्हणजे मराठीतला हा पहिला थोर ख्रिस्ती ग्रंथ मुलांच्या वर्गाच्या दाराशीं जन्मला. त्यांत स्टीफन्स यांनीं स्वर्गास वैकुंठ म्हटलें, मुक्ति हा शब्द मोकळेपणानें वापरला; श्रोत्यांच्या ओळखीच्या शब्दांवरून ते नव्या अर्थाकडे गेले. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशीं आलों असें ते म्हणत. आमच्या प्रांतींहि हीच परंपरा दिसते. मुंबईस १८४३ सालीं ख्रिस्ती झालेले, ब्राह्मण कुळांतले नारायण शेषाद्रि यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें, तें मुसलमान निजामाच्या राज्यांत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत औरंगाबादेंत ज्या पाद्र्यांचें नांव घेतलें जाई ते रतनजी नौरोजी जन्मानें पारशी. असल्या मिश्र बीजाचें हें आमचें शहर आहे.

मौलवीसाहेब वयानें तरुण. त्यांचे वडील बंधु आमचे विद्यार्थी होते, त्यामुळें त्यांनीं आम्हांस मान देऊन बसविलें. आम्हीं तारण शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हां ते म्हणाले, आमच्याकडे नजात म्हणतात, पण मुलांस मी दुसरा शब्द आधीं शिकवितों, कारण तो त्यांच्या कानांवर रोज पांच वेळां पडतो. तो शब्द फलाह. अजानमध्यें 'फलाह'कडे या असें बोलावणें असतें. जन्मभर त्या हांकेच्या टप्प्यांत राहून आम्हीं तो शब्द कधीं विचारला नव्हता, हें कबूल केलेलें बरें. फलाह म्हणजे कल्याण, साफल्य, सुटका. ज्या अरबी धातूपासून तो निघाला त्याचा एक अर्थ भूमि फोडणें, नांगरणें असा आहे. अरबींत शेतकऱ्यास फल्लाह म्हणतात तें त्याच धातूवरून. मौलवीसाहेब मुलांस हाच दाखला देतात.

मूल जन्मतः निर्मळ असतें, त्याच्या मूळ स्वभावांत, फितरतमध्यें, ईश्वराची ओळख असते, असें इस्लाम मानतो. आदमाच्या हातून चूक झाली, त्यानें क्षमा मागितली, ती मिळाली. तेव्हां तो डाग पुढच्या पिढ्यांकडे येत नाहीं. बालिग होईपर्यंत मुलाच्या पापांची नोंद होत नाहीं. त्याच्याकडून पाठ करून घेणें, सातव्या वर्षापासून नमाजाची संवय लावणें, हें सारें पेरणीपूर्वींचें शेत तयार करणें आहे. पुढें निवाड्याच्या दिवशीं कोणीहि दुसऱ्याचें ओझें उचलणार नाहीं; ज्याचें शेत त्यानें नांगरावयाचें. म्हणूनच एकाच्या पापासाठीं दुसऱ्यानें जीव दिला, ही ख्रिस्ती कल्पना आम्हांस मान्य नाहीं. ईसा अलैहिस्सलाम आमचे थोर पैगंबर आहेत, पण ते क्रुसावर मेले असें आम्ही मानीत नाहीं. हें सांगतांना मौलवीसाहेबांनीं शब्द मऊ केला नाहीं. बाईंनींहि, ख्रिस्तावांचून तारण नाहीं अशी आमची श्रद्धा आहे, हें सांगतांना केला नव्हता. आम्हांस दोघांचेंहि बरें वाटलें.

आम्हीं विचारलें, "मग नांगरलं की पीक आलंच का?"

मौलवीसाहेब म्हणाले, "आणि पाऊस?"

मराठवाड्यांतल्या माणसास याहून अधिक समजावणें नको. नांगरट आपली, बी आपलें, राखण आपली. पाऊस आपला नाहीं. हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे. केवळ आपल्या कृत्यांच्या बळावर कोणीहि स्वर्गांत जाणार नाहीं, असें पैगंबरसाहेब म्हणाले, तेव्हां सोबत्यांनीं विचारलें कीं, आपणसुद्धां नाहीं काय? ते म्हणाले, मीसुद्धां नाहीं, ईश्वराच्या दयेनें मला झांकलें तरच. इतकें सांगून मौलवीसाहेबांनीं पाऊस आणि रहमत हे दोन शब्द एकामागून एक उच्चारले, आणि दारांत उभ्या असलेल्या चार-दोन मुलांकडे पाहिलें.

शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर खुलदाबाद आहे. खुल्द म्हणजे कधीं न संपणारा स्वर्ग. तेथें १३३७ सालीं निवर्तलेले चिश्ती संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी विसावले आहेत, आणि त्या दर्ग्याच्या आवारांत १७०७ सालीं मरण पावलेल्या औरंगजेबाची उघडी कबर आहे. संताच्या सावलींत पुरलें जावें ही इच्छा त्या डोंगरावर शतकानुशतकें अनेकांनीं धरली. सत्पुरुषानें आपल्यासाठीं ईश्वराजवळ शब्द टाकावा, या शफाअतच्या आशेची मर्यादा कोठपर्यंत, याविषयीं मुसलमानांत मतभेद आहेत. आमचे मौलवीसाहेब दर्ग्याच्या वाटेचे फारसे कौतुक करणारे नव्हेत. पण ज्याचें ओझें त्यानेंच उचलावयाचें म्हटल्यावरहि, कोणीतरी आपल्या बाजूनें बोलावें ही मनुष्याची आस तेथेंहि सुटलेली नाहीं, एवढें खरें.

घरीं येऊन आम्हीं दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारीं ठेवून पाहिल्या. एक शिक्षिका मुक्ति सांगते ती कर्जदाराच्या घरांतून: कर्ज फेडणें तुझ्यानें होणें नाहीं, तें फेडलें गेलें आहे, तें स्वीकार. दुसरा शिक्षक सांगतो ती शेताच्या बांधावरून: शेत तुझें आहे, दुसरा कोणी नांगरणार नाहीं, उठ. या दोन गोष्टी एक नाहींत, आणि नऊ वर्षांच्या मुलास हा भेद सांगितला तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. आंबा आणि चिंच हीं दोन वेगळीं झाडें आहेत हें त्यास कळतें, तसें हेंहि कळतें. बिघडतें तें, भेद नाहींच असें सांगून त्याच्या डोळ्यांस खोटें पाडल्यानें. आणि भेद नीट पाहिल्यावरच ध्यानांत येतें कीं, कर्जमुक्तीच्या शेवटीं आणि नांगरटीच्या शेवटींहि जें उरतें तें मनुष्याच्या हातांतलें नाहीं. त्यास एकीकडे कृपा म्हणतात, दुसरीकडे रहमत.

राहिला नातीचा खरा प्रश्न: ज्यास कोणी सांगितलेंच नाहीं त्याचें काय? हा प्रश्न आमच्या आंगणांत पहिल्यानें निघाला असें नाहीं. मोठमोठ्या पंडितांस त्यानें झोप येऊं दिली नाहीं. पांचव्या शतकांत ऑगस्टीन यांनीं बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या अर्भकांसहि शिक्षा चुकत नाहीं, मात्र ती अत्यंत सौम्य असते, असें कठोर मत मांडलें. पुढें रोमन कॅथलिक पंडितांनीं, त्या अर्भकांस दुःख नाहीं पण परमेश्वराचें दर्शनहि नाहीं, अशी लिंबो नांवाची मधली जागा कल्पिली. कितीएक शतकें त्या कल्पनेखालीं आयांनीं दुःख सोसलें असेल. अखेर २००७ सालीं व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मपंडित आयोगानें प्रसिद्ध केलें कीं, अशा अर्भकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहे. इस्लामी पंडितांतहि मुसलमानेतरांच्या मुलांविषयीं अनेक मतें झालीं. कोणी निर्णय ईश्वरावर सोडला, कोणी वेगळी परीक्षा कल्पिली. परंतु बुखारींच्या संग्रहांत पैगंबरसाहेबांचें एक स्वप्न आहे. हिरव्या बागेंत इब्राहीम उभे आहेत आणि त्यांच्या भोंवतीं बालपणीं मेलेलीं मुलें आहेत. अनेक देवांस पूजणाऱ्यांचींहि काय, असें विचारतां, त्यांचींहि, असें उत्तर आलें. तेराव्या शतकांतले इमाम नववी यांनीं, अशीं मुलें स्वर्गांतच जातात, हेंच मत ग्राह्य धरलें.

आणि तो मुलगा मोठा झाला असता तर? तेथेंहि दोन्हीकडे कठोर मतें आहेत, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण १११1 सालीं निवर्तलेल्या इमाम गझालींनीं लिहून ठेवलें आहे कीं, ज्यांच्यापर्यंत पैगंबरांचा संदेश पोंचलाच नाहीं, किंवा विकृत स्वरूपांत पोंचला, ते क्षमेस पात्र आहेत. आणि १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें मान्य केलें कीं, स्वतःचा दोष नसतां ज्यांस ख्रिस्ताची ओळख झाली नाहीं, परंतु जे सद्भावानें ईश्वरास शोधतात व विवेकास स्मरून वागतात, त्यांसहि तारण मिळूं शकतें. या दोन मतांमध्यें साडेआठशें वर्षें आहेत. पण दोन्ही ठिकाणीं विद्वान् आपल्या श्रद्धेवर ठाम राहून दुसऱ्याच्या निवाड्यावरून हात काढून घेतो. मुलांस मुक्ति शिकवितांना हीच गोष्ट शिकवावयाची, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. आपल्या घराची वाट मुलास पक्की ठाऊक असावी. शेजाऱ्याचें मूल घरीं पोंचलें कीं नाहीं हें पाहणारा दुसरा आहे.

याच्या उलट शिकवणहि आम्हीं पाहिली आहे. आमच्या लहानपणीं एका नातलगाच्या माजघरांत यमपुरीचें रंगीत चित्र टांगलेलें असे. उकळत्या तेलाची कढई, करवतीनें कापलीं जाणारीं माणसें, आणि खालीं कोणत्या पापास कोणती शिक्षा त्याची यादी. त्या घरीं मुक्कामास गेलों कीं आम्हांस रात्रीं झोंप येत नसे, आणि दिवसा आम्ही भावंडें एकमेकांच्या पापांचा हिशेब करीत असूं. भीतीनें आम्ही सज्जन झालों नाहीं. चहाडखोर मात्र झालों. हें चित्र कोणत्याहि धर्माच्या भिंतीवर टांगतां येतें.

हें शिकवावें कोणीं? निजामी राजवटींत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें आणि १९२३ मध्यें त्याचें इंटरमीजिएट कॉलेज औरंगाबादेंत सुरू झालें. आमचे वडील तेथें शिकले. ते सांगत, घंटा झाली कीं मुसलमान विद्यार्थी दीनियातच्या वर्गास जात व बाकीचे अखलाकियातच्या, म्हणजे नीतिपाठांच्या. एका बाकावर बसणारे मित्र ओसरीवर वेगळे होत आणि तासाभरानें पुन्हां एकत्र येत. भिंतीपलीकडे काय शिकवितात हें त्यांनीं मित्रांस कधीं विचारलें नाहीं, आणि मित्रांनींहि त्यांस विचारलें नाहीं. पुढें १९४८ सालीं तें राज्य गेलें, १९५० सालीं संविधान आलें. त्याच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानें सर्वस्वीं सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण बंद केलें, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेंत पालकाच्या संमतीवांचून तें मुलावर लादूं नये असें ठरविलें. हें योग्यच झालें. पण शाळेनें जें काम खालीं ठेवलें तें घरानें उचलावयाचें होतें. ख्रिस्ती शेजाऱ्यानें तें उचललें, मुसलमान शेजाऱ्यानें उचललें. आम्हीं मात्र न उचलण्यासच उदारपणा म्हटलें. वडिलांनीं भिंतीपलीकडे विचारलें नाहीं. आम्हीं तर भिंतीअलीकडेहि कांहीं ठेवलें नाहीं.

पैठण आमच्या शहराहून पन्नासेक किलोमीटरवर. तेथील एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी मुसलमानी अमलांत देवगिरीचे किल्लेदार होते. नाथांनीं 'हिंदु-तुर्क संवाद' रचला, तो आम्हीं शाळेंत कितीदां तरी शिकविला, आणि दर वेळीं शेवटच्या आलिंगनावर जोर देऊन शिकविला. आतां पुन्हां वाचतांना दिसलें कीं, आलिंगनापूर्वीं ते दोघे एकमेकांस कांहीं कमी बोलत नाहींत. एकमेकांच्या देवाविषयीं, ग्रंथांविषयीं, आचाराविषयीं जें खटकतें तें तोंडावर सांगतात, आणि ऐकूनहि घेतात. आम्हीं मुलांस शेवटचें पान दिलें आणि आधींचीं पानें गाळलीं. म्हणून तें आलिंगन आमच्या विद्यार्थ्यांस परीक्षेपुरतें पुरलें.

हें सर्व आम्हीं नातीस सांगितलें. तिला झेंपेल इतकें, आणि तिच्या दोन्ही सोबत्यांस जवळ बसवून, म्हणजे आमचें कांहीं चुकलें तर त्यांनीं सुधारावें. त्यांनीं दोन ठिकाणीं सुधारलेंहि. सगळें ऐकून झाल्यावर नात म्हणाली, "मग हे त्याच्या आईला कुणी सांगितलं का?"

कोणीं सांगितलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आम्ही चौघें गल्लीच्या टोकाच्या घरीं गेलों. ती माउली चुलीपुढची कामें आवरून बसली होती. मुलांनीं आपापल्या शब्दांत सांगितलें. मुलगी म्हणाली, तो येशूच्या हातात आहे, असं आमच्या बाई म्हणाल्या. मुलगा म्हणाला, इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्याजवळ एका बागेत पुष्कळ मुलं आहेत, त्यांच्यात तो असेल. तिनें आमच्याकडे पाहून विचारलें, "गुरुजी, खरंच असं म्हणाले ते दोघं? आमच्या मुलाबद्दल?" आम्हीं होय म्हटलें, आणि तें होय म्हणतांना आम्हांस शब्द शोधावा लागला नाहीं. तिनें डोळ्यांस पदर लावला. मग आमच्या नातीच्या पाठीवरून हात फिरवीत ती म्हणाली, "आणि आपल्यात काय सांगतात गं?"

नातीनें आमच्याकडे पाहिलें. आमची आई रोज दिवेलागणीस हरिपाठ म्हणे. ती गेल्यापासून आमच्या घरीं तो कोणीं म्हटला नव्हता. जितका आठवला तितका आम्हीं त्या ओसरीवर बसून म्हटला, आणि नामाच्या आधारानें जाणाऱ्यास एकटें जावें लागत नाहीं, असें आई त्याचा अर्थ सांगत असे, तेवढें सांगितलें. मधल्या दोन जागीं आमचें चुकलें. तेथें त्या माउलीनेंच ओळ पुरी केली.

आतां दिवेलागणीस आम्ही नातीस घेऊन बसतों. मुलगा मकतबांतून परत येतांना कधीं पायरीवर थांबतो, शेजारची मुलगी तर आंतच येते. नात विचारते त्यांतल्या निम्म्या प्रश्नांचीं उत्तरें आम्हांस येत नाहींत. येत नाहीं असें आम्ही सांगतों. चहाची वेळ झाली असें म्हणत नाहीं.